शाळा नंबर सात

"शीट अपडेट केलंस का?" असा मेसेज दुपारी साडेतीनला आला की पूर्वी पोटात गोळा यायचा, कारण तो बॉसचा असायचा. हल्ली तो नवऱ्याचा असतो आणि गोळा तेवढाच येतो. शीट म्हणजे शाळांचं शीट. लेक येत्या जूनमध्ये पहिलीत जाणार. ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होतायत, म्हणजे सरकारी हिशोबात ती एकदम फिट. टेन्शन आहे ते आम्हा दोघांना. तिचं सगळं लक्ष सध्या समोरचा दात कधी पडतो याच्याकडे लागलंय.

नवरा डेटावाला माणूस. फ्लॅट घेताना शीट, गाडी घेताना शीट, लग्नाच्या हॉलसाठीसुद्धा त्याने शीट केलं होतं. (माझ्यासाठी केलं होतं का, ते मी अजून विचारलेलं नाही.) तेव्हा शाळेचंही झालं. आडव्या ओळींत सहा शाळा. उभ्या रकान्यांत फी, अंतर, बोर्ड, बस, एसी, स्विमिंग पूल, खाणं आणि शेवटी 'फील'. 'फील' हा रकाना माझा. त्यात दहापैकी मार्क द्यायचे. सहांपैकी चार शाळा इंग्रजी माध्यमाच्या, चकचकीत. उरलेल्या दोन ट्रस्टच्या जुन्या मराठी शाळा. त्या आईला बरं वाटावं म्हणून घेतल्या होत्या, हे आम्ही दोघांनी एकमेकांना न सांगता मान्य केलं होतं.

आम्ही पार्ले ईस्टचे. पार्ल्यात शाळा हा आंब्यासारखा विषय आहे, ज्याला त्याला आपलीच पेटी अस्सल वाटते. लोकमान्य १९२० मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी इथल्या लोकांनी त्यांच्या नावाने पार्ले टिळक विद्यालय सुरू केलं. पु. ल. देशपांडे त्याच शाळेचे. पार्ले-जीच्या फॅक्टरीचा तो गोड वास २०१६ मध्ये फॅक्टरी बंद झाल्यावर गेला, पण शाळेचा अभिमान काही गेला नाही. आमच्या बिल्डिंगमधले एक आजोबा अजून माणसाची ओळख करून देताना त्याच्या हुद्द्याआधी त्याची शाळा सांगतात. मात्र त्याच आजोबांचा नातू रोज सकाळी पावणेसातला पिवळ्या बसमधून अंधेरीच्याही पलीकडे जातो. शाळेचं नाव काहीतरी 'ग्लोबल'.

तर आमच्या शीटमध्ये पहिल्या नंबरावर होती एक काचेची शाळा. पार्ल्यातच, घरापासून पंधरा मिनिटं. फी वर्षाला एक लाख ऐंशी हजार, तीन हप्त्यांत. शिवाय बस, शिवाय पुस्तकं, शिवाय 'अॅक्टिव्हिटी'. नवऱ्याने ईएमआयच्या शेजारी ती फी लिहिली आणि दोन मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, "होईल गं. गोवा कॅन्सल करू." त्याने पहिलीपासून दहावीपर्यंतचे सगळे गोवे मोजले नव्हते. मी मोजले.

त्या शाळेने आम्हाला 'इंटरॅक्शन'ला बोलावलं. इंटरव्ह्यू नाही हं, इंटरॅक्शन! नवऱ्याने हाफ डे टाकला, मी बीकेसीवरून धापा टाकत पोहोचले. आत एसी, भिंतीवर पिरॉडिक टेबल, रिसेप्शनला कॉफी मशीन. एका मॅडमनी लेकीला विचारलं, "व्हॉट इज युअर फेव्हरेट फ्रूट?" ती म्हणाली, "भेळ." आम्ही दोघं असे हसलो जसे अप्रेझलच्या मीटिंगमध्ये बॉसच्या जोकवर हसतो. मग आम्हाला प्रश्न. तुम्ही दोघंही वर्किंग का? घरी कुठली भाषा बोलता? सुट्टीत कुठे जाता? नवऱ्याने "गोवा" असं आत्मविश्वासाने सांगितलं.

घरी आल्यावर सहज कायदा उघडून वाचला. शिक्षण हक्क कायदा, २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यात प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबाबांची चाचणी घ्यायला चक्क मनाई आहे. पहिल्यांदा सापडलं तर पंचवीस हजारांपर्यंत दंड, नंतर दर वेळी पन्नास हजारांपर्यंत. पंचवीस हजार म्हणजे त्या शाळेच्या एका हप्त्याच्या अर्ध्यापेक्षाही कमी! 'फील'मध्ये मी आधी आठ दिले होते. ते सहा केले.

आणि मग आली सातवी ओळ.

घरकामाला येणाऱ्या मावशी लादी पुसत होत्या आणि मी फोनवर मैत्रिणीला शाळांची नावं ऐकवत होते. फोन ठेवल्यावर मावशी म्हणाल्या, "ताई, ती काचेची शाळा ना? आमच्या नातीचा फॉर्म भरला होता तिथं." माझा चेहरा कसा झाला असेल ते मला माहीत नाही. मावशींनी बहुतेक पाहिला, कारण त्यांनी लगेच पुढे समजावून सांगितलं, "पंचवीस टक्क्यांतून हो."

खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या पायरीवरच्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायच्या, फी सरकारने भरायची, अशी या कायद्यातच तरतूद आहे. प्रवेश ऑनलाइन लॉटरीने. दुर्बल घटकासाठी घरातलं वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत हवं. मुंबईत! महिन्याला आठ हजार तीनशे. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खासगी शाळेला या जागा द्यायची गरज नाही. आता मुंबईत एक किलोमीटरच्या आत पालिकेची शाळा नाही असा कोपरा शोधून दाखवा. यादीतून खासगी शाळा जवळजवळ गायबच झाल्या. पालक कोर्टात गेले, मे महिन्यात स्थगिती आली, फॉर्म पुन्हा भरून घेतले, आणि जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने तो बदल रद्दच केला. मावशींच्या नातीचा फॉर्म असा दोनदा भरला गेला. सायबर कॅफेवाल्याने दोन्ही वेळा पैसे घेतले. लॉटरीत नाव आलंच नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, पालिकेच्या शाळेत घातली. ही काय इथं, तुमच्या गल्लीच्या टोकाला. आता दुसरीत आहे. वाचते बघा पटापट." मावशी बादली उचलून पुढच्या खोलीत गेल्या.

गल्लीच्या टोकाला. नऊ वर्षं मी या बिल्डिंगमध्ये राहते. त्या शाळेत मी आत गेले आहे ती फक्त मतदानाला! बोटाला शाई लावून, गेटवर सेल्फी काढून बाहेर. वर्गात फळ्यावर काय लिहिलं होतं ते आठवत नाही, रांग किती होती ते बरोबर आठवतं. आमच्या शीटमध्ये दहा किलोमीटरवरची शाळा होती आणि तीनशे मीटरवरची नव्हती. आम्ही ती तुलना करून नाकारली असती तर एक वेळ ठीक होतं. पण ती आमच्या डोक्यातच आली नव्हती. कॉलम 'अंतर' बनवणाऱ्या माणसाला, आणि मला, सगळ्यात जवळची शाळा दिसलीच नव्हती.

गंमत म्हणजे शब्दसुद्धा आपण उलटे करून ठेवलेत. 'पब्लिक स्कूल' असा बोर्ड दिसला की आपण ओळखतो की इथे पब्लिकचं काही काम नाही, इथे डोनेशनवाले. इंग्रजांकडून घेतलेला शब्द, त्यांच्याकडेही तीच गोची आहे. महापालिकेने मात्र तो शब्द परत घेतला आणि आपल्या काही शाळांना 'मुंबई पब्लिक स्कूल' असं नाव दिलं. २०२० मध्ये जोगेश्वरीच्या पूनमनगरला सीबीएसईची आणि माहीमच्या वूलन मिलला आयसीएसईची शाळा निघाली. नंतर २०२२ मध्ये माटुंग्याला केंब्रिजचा आणि आमच्या पार्ल्यातच दीक्षित रोडवर आयबीचा अभ्यासक्रम आला. ज्या आयबीसाठी लोक वर्षाला लाखो मोजतात, तो फुकट. प्रवेश लॉटरीने. नवऱ्याला हे सांगितल्यावर त्याने 'फी'च्या रकान्यात शून्य टाकून बघितलं. फॉर्म्युल्यात एरर आली, कारण त्याने कुठेतरी फीने भागाकार केला होता.

पण गल्लीच्या टोकाची शाळा तशी नाही. तिला कुठलंही ग्लॅमरवालं बोर्ड नाही. साधी मराठी माध्यमाची, राज्य मंडळाची, सेमी-इंग्रजी. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. पालिका अशा शाळा एकूण आठ भाषांमधून चालवते आणि मुलांना दप्तर, गणवेश, बूट, वह्या अशा २७ वस्तू मोफत देते. तिथे नुसत्या जाऊन बघायला अपॉइंटमेंट लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. वॉचमनने विचारलं, "कुणाकडे?" मी म्हटलं, "अॅडमिशनची चौकशी." त्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं, माझ्या गळ्यातलं ऑफिसचं आयकार्ड पाहिलं आणि म्हणाला, "बाईंच्या पोरीची का?" म्हणजे घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या. मी म्हटलं, "नाही. माझ्या." तो काही बोलला नाही, पण उठून उभा राहिला. मला त्याचं उभं राहणं अजिबात आवडलं नाही.

मुख्याध्यापिका साधारण पन्नाशीच्या. मी माझी प्रश्नांची यादी काढली तर त्या म्हणाल्या, "अहो, यादी राहू दे, वर्गात जाऊन बसा ना." बसा! काचेच्या शाळेत आम्हाला वर्ग काचेबाहेरून दाखवला होता, मत्स्यालय दाखवतात तसा.

पहिलीच्या वर्गात मागच्या बाकावर तासभर बसले. एकतीस मुलं. बाई फळ्यावर चित्र काढून शब्द विचारत होत्या. छत्री. एक मुलगा म्हणाला "छाता". बाई म्हणाल्या, "बरोबर, तुझ्या घरी छाता. आणि शाळेत?" "छत्री!" सगळा वर्ग ओरडला. मग बाईंनी प्रत्येकाला घरी छत्रीला काय म्हणतात ते विचारलं आणि फळ्यावर पाच शब्द झाले. मी कम्युनिकेशनच्या ट्रेनिंगला कंपनीच्या पैशाने दोन दिवस लोणावळ्याला जाऊन आलेली आहे. तिथे यातलं निम्मंही कुणी केलं नव्हतं.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल ही वाहवत गेली. अर्ध्या तासाने दार उघडून शेजारच्या वर्गातली मुलं आत आली. त्यांच्या बाईंना मतदार यादीचं काम लागलं होतं. कायद्याने शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच बिगरशैक्षणिक कामं देता येतात, पण आपल्याकडे निवडणुका काही थोड्या नाहीत. एकतीसचे सत्तावन्न झाले. मग छत्री संपली आणि "हाताची घडी, तोंडावर बोट" सुरू झालं. डिजिटल बोर्ड होता, त्यावर फुलाफुलांचं कव्हर होतं, आणि ते बहुतेक बरेच दिवस निघालेलं नव्हतं. मी टॉयलेट दाखवा म्हटलं. तळमजल्यावरचं स्वच्छ. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या टॉयलेटला नळ होता आणि पाणी नव्हतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तीन पत्रं दिली आहेत. व्यवस्थापन समितीच्या पुढच्या मीटिंगला या. त्यात तीन चतुर्थांश पालकच असतात आणि निम्म्या बायका. तुमच्यासारखं कुणी बोललं तर बरं होईल." ते वाक्य मला टोचलं. बोलणाऱ्या पालकांनी मुलं काढून घेतली, मग नळ कोण मागणार, असा त्याचा अर्थ होतो. तो त्यांना अभिप्रेत होता की नाही, देव जाणे.

मग डोक्यात किडा शिरला. पुन्हा काचेच्या शाळेत गेले, एकटीच, आणि तेच तीन प्रश्न विचारले. वर्गात बसता येईल का? "पॉलिसी नाही." पहिलीच्या टीचर इथे किती वर्षं आहेत? मॅडमनी कंप्युटर पाहिला. या वर्षीची तिसरी. टॉयलेट? "ते टूरमध्ये नाही मॅम." माझी मामेबहीण अशाच एका शाळेत शिकवायची. पालिकेच्या शिक्षकाला सातव्या वेतन आयोगाचा पगार, शिवाय टीईटी पास असल्याशिवाय नेमणूक नाही. तिचा पगार आमच्या ऑफिसच्या फ्रेशरपेक्षा कमी होता. ती आता इन्शुरन्समध्ये आहे. खूश आहे. फीमधले पैसे शिकवणाऱ्या बाईपर्यंत किती पोचतात, असा रकाना आमच्या शीटमध्ये नव्हता.

एक टिप, फुकट: कुठल्याही शाळेचा अकरा आकडी यूडायस कोड मिळवा आणि सरकारी यूडायस प्लसवर तिचं रिपोर्ट कार्ड बघा. विद्यार्थी किती, शिक्षक किती, टॉयलेट किती, सगळं दिसतं. ती माहिती शाळेनेच भरलेली असते, त्यामुळे जरा मीठ लावून घ्या. पण प्राथमिकला साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक हवा हे कायद्यातलं माप हाताशी ठेवून भागाकार केला की ब्रोशरची हवा बरीच कमी होते. आम्ही सातही शाळांचा केला. सगळ्यात वाईट आकडा स्विमिंग पूलवाल्या शाळेचा निघाला.

त्या रात्री आमचं भांडण झालं. रीतसर. नवरा म्हणाला, "तुला समाजसेवा करायचीय तर तू कर. पोरीवर प्रयोग नको."

"काचेची शाळा प्रयोग नाहीये का? एका वर्षात तीन टीचर?"

"तिथे निदान सगळे..." आणि तो थांबला.

"सगळे काय?"

"सोड ना."

सोडलं नाही. कारण ते वाक्य माझ्याही डोक्यात होतं. सगळे आपल्यासारखे. मला भीती शाळेची नव्हतीच. बर्थडे पार्टीला कोण येणार, लेक कोणासारखं बोलायला लागणार, आणि ऑफिसच्या लंच टेबलवर "कुठल्या शाळेत घातलंस?" ला काय उत्तर द्यायचं, याची होती. शेवटचं तर सगळ्यात जास्त. तीस जणांच्या टीमला प्रेझेंटेशन देते मी, पण 'म्युनिसिपालिटीची शाळा' हे दोन शब्द लंच टेबलवर मोठ्याने म्हणायची मनातल्या मनात प्रॅक्टिस केली आणि जमले नाहीत. आणि गंमत बघा, मावशींना त्यांची नात काचेच्या शाळेत हवी होती, ती नेमक्या याच कारणांसाठी. तिला तिथली इंग्रजी मिळेल, तिथले मित्र मिळतील म्हणून. त्यांना मी वेड्यात काढू शकत नाही. एक लाख ऐंशी हजारांचं आम्ही काय विकत घेतोय, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त स्पष्ट दिसत होतं.

आई या सगळ्यात शांत होती. ती फक्त म्हणाली, "आईसाठी घेतलेल्या त्या दोन शाळा बघितल्यात का एकदा तरी?" (तिला माहीत होतं!) बघितल्या मग. एकीत पटसंख्या इतकी रोडावलीय की बाईंनी आम्हाला चहा पाजला आणि सोडेचनात. दुसरी मात्र आवडली. अनुदानित, शिक्षकांचा पगार सरकारकडून, त्यामुळे फी नावापुरती. लायब्ररीतली पुस्तकं हाताळून मऊ झालेली. पहिलीच्या बाई तिथेच चौदा वर्षं. वर्गात आमच्यासारखेही आणि मावशींसारखेही. लेकीने तिथल्या बाईंना "टीचर" म्हटलं, तर एक पोरगी तिला कुजबुजत म्हणाली, "टीचर नाही, बाई म्हण." पाच मिनिटांत तिची ट्रान्सफर झाल्यासारखी ती जाऊन त्या पोरीशेजारी बसली.

काचेची शाळा यादीतून गेली. नवऱ्यानेच ती ओळ डिलीट केली, पण मला न सांगता. मागच्या शनिवारी तो लेकीला घेऊन "जरा चक्कर मारून येतो" म्हणून गेला होता. नंतर शीट उघडलं तर सातव्या ओळीत 'अंतर'च्या खाली लिहिलेलं: ४ मिनिटं. मांजर दिसल्यास ११. आणि 'फील'मध्ये, माझ्या रकान्यात, त्याने स्वतःचा आकडा टाकला होता. सात.

आता शर्यत दोघींत आहे, ती मऊ पुस्तकांची शाळा आणि नंबर सात. दीक्षित रोडच्या लॉटरीतही नाव टाकणार आहोत. लॉटरी ती लॉटरी. मऊ पुस्तकांच्या शाळेला हायवे क्रॉस करावा लागतो. नंबर सातला त्या मतदार याद्या आणि वरच्या मजल्यावरचा नळ. समितीच्या मीटिंगची तारीख मी कॅलेंडरमध्ये टाकली आहे, अॅडमिशन होवो न होवो. समितीत बसता येणार नाही, पण नळाबद्दल बोलता येईल.

नवऱ्याने नवीन रकाना उघडला आहे: पावसाळा. गेटपाशी पाणी साचतं का? ते आम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून सकाळी मावशींना विचारलं.

"साचतं ना ताई. घोट्याएवढं," त्या म्हणाल्या. "तुमच्या त्या काचेच्या शाळेपाशी गुडघ्याएवढं असतं."